लाकडी बैलाच्या पोटातली बॅटरी

आमचे हे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना कुणाला ते खरं वाटणार नाही. विद्युतधारा, विभवांतर, अंतर्गत रोध असले शब्द ते फळ्यावर इतक्या वळणदार अक्षरात लिहितात की समोरच्या पोरांना वाटावं, या माणसाला विजेतलं सगळं कळतं. घरी मात्र इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं असलं की कॅन मी उचलते. ॲसिडची ह्यांना भीती वाटते.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर ह्यांना रिमोटच्या गाड्यांचं वेड लागलं. या वयात पुरुषाला काहीतरी होतंच. कुणी योगासनं शिकवत सुटतो, कुणी कविता करायला लागतो. ह्यांनी हातभर लांबीची, फुगीर चाकांची एक गाडी आणली आणि तिला कुणी खेळणं म्हटलं की रागावायला लागले. हॉबी म्हणायचं. वर्ध्यात ह्यांच्यासारखे आणखी काही जण निघाले. रविवारी सकाळी ही सगळी सुटलेली पोटं प्लॉट पाडलेल्या एका रिकाम्या लेआउटवर जमायची, गाड्या धुळीत उडवायची आणि गाडी उलटली की धापा टाकत तिला सरळ करायला धावायची. मी एकदा बघायला गेले होते. पुन्हा गेले नाही.

गाडीपेक्षा गाडीतली बॅटरी मोठी भानगड. लिथियमचं चपटं पाकीट, साबणाच्या वडीएवढं, त्यातून दोन जाड वायरी निघालेल्या. मोबाइलमध्येही अशीच बॅटरी असते, पण तिथे तिला आवरणारं काहीतरी आत बसवलेलं असतं. इथे आवरायचं काम माणसाकडे. म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे.

हे जेवताना मोबाइलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ लावायचे. त्यातला माणूस हिंदीत ओरडून ओरडून सांगायचा: बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, पूर्ण रिकामीही ठेवू नका, वापरायची नसेल तेव्हा निम्म्यावर ठेवा. चार्जिंगला लावून उठून जाऊ नका. गादीवर, कपड्यावर, कागदावर ठेवू नका. आपटली तर लगेच घरात आणू नका, उघड्यावर मातीत ठेवून थोडा वेळ बघा. फुगली तर तिची आशा सोडा. मी तिकडे पोळ्या लाटत असायची आणि रोज ऐकून ऐकून मला ते सगळं पाठ झालं. ह्यांच्या कानात त्यातलं एवढंच शिरलं की कोणती गाडी किती वेगानं पळते. पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडाही पदव्युत्तर.

ह्यांनी पहिल्या बॅटऱ्या ठेवल्या कुठे, तर कपाटात माझ्या शालूच्या घडीवर. का, तर म्हणे मऊ जागा. मी त्या उचलल्या, एका फुटक्या माठात रेती भरली आणि त्यात नेऊन ठेवल्या, मागच्या गच्चीत, टिनाच्या पत्र्याखाली, झाकण न लावता. तू फार घाबरतेस, असं हे म्हणाले. ॲसिडला भिणाऱ्या माणसानं हे म्हणावं. माझ्या घरात माझा नियम चालला आणि पुढे काही घडलं नाही. घडलं ते वडनेरला, जिथे माझा नियम चालत नाही, आणि त्यात माझ्या जाऊबाईंचा उजवा हात पणाला लागला. हातावर भागलं असतं तरी मी एवढं लिहायला बसले नसते.

वडनेरला ह्यांचे थोरले भाऊ राहतात, म्हणजे माझे भासरे. शेती त्यांच्याकडे. भासऱ्यांशी आमच्यात सरळ बोलत नाहीत. काही सांगायचं तर नवऱ्याला सांगायचं, नाहीतर खांबाकडे बघून बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं. मी सरकारी कचेरीत लिपिक आहे, दिवसभर परक्या पुरुषांशी हुज्जत घालते, पण वडनेरच्या उंबरठ्यात पाय टाकला की खांब शोधते. भासऱ्यांना स्वतःच्या शहाणपणाची मोठी खात्री. शाळा लवकर सोडली म्हणून आपण शहाणे राहिलो, असं ते सांगतात. धाकटा भाऊ शिकला म्हणून त्याचं त्यांना कौतुक, आणि थोरल्याला कौतुक आहे म्हणून धाकटा त्यांच्यापुढे मान हलवतो. दोघांची अक्कल एकत्र केली तर एका माणसाची पुरती भरेल की नाही, मला शंका आहे.

त्या घरात कामाचं माणूस म्हणजे जाऊबाई. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. नांगरटीला आता ट्रॅक्टर येतो, तरी गोठ्यात बैलजोडी आहे ती बाईंमुळे. त्यातला एक म्हातारा झालाय. त्याची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हा बाईंनी त्याला बोळ्यानं दूध पाजून जगवला. भासरे हाक मारतात तेव्हा तो कान हलवत नाही. बाई अंगणात आल्या की मान वळवतो. बाई बोलतात कमी. पण विस्तवाच्या बाबतीत त्यांच्यासारखी काटेकोर बाई मी पाहिली नाही. सणाचं पुरण त्या अंगणातल्या चुलीवर शिजवतात, आणि काम झालं की लाकडं ओढून पाणी मारतात, राख विझवतात, हात लावून बघतात आणि मगच उठतात. गोठ्यात कुटार आहे, त्या म्हणतात, आणि तेवढंच म्हणतात. वाळलेलं सोयाबीनचं, तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतून उरलेला भुसा, कसं पेटतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: लहान पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून मारुतीच्या पाराजवळ आणतात, ज्याचा बैल चांगला त्याला बक्षीस. पोरांचा सण. गेल्या काही वर्षांत तो बापांनी बळकावला. बैल उंच झाले, त्यांच्यावर दिव्यांच्या माळा आल्या, आणि पोरं बिचारी हातभर दोरी धरून मागे उभी. दोन वर्षांपूर्वी या दोघा भावांच्या डोक्यात आलं की आपला बैल आपोआप चालला पाहिजे. ह्यांच्या गाडीचा सांगाडा खाली, वर गुडघ्याएवढा लाकडी बैल, आणि बॅटरी बैलाच्या पोटात. सुताराकडून पोट कोरून घेतलं आणि खालून फळी ठोकून बंद करायची सोय केली. बॅटरी आत खडखडत होती म्हणून भोवती कापूस कोंबला. घरचाच कापूस. बॅटरीभोवती कापूस भरताना भौतिकशास्त्राचा शिक्षक तिथे हजर होता, इतकंच नाही, तो कापूस पिंजून देत होता.

मी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं. हे म्हणाले, पॅकिंग लागतंच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद लावायची, गरम फडक्यानं शेकायचं. बाईंनी दोन्ही बैलांचं केलं. मग भासऱ्यांना लहर आली. लाकडी बैलही बैलच, त्याचंही झालं पाहिजे. त्यांनी त्याच्या खांद्याला आणि पोटाला तूप चोळलं आणि निखाऱ्यावर तापवलेलं फडकं त्याच पोटावर दाबून धरलं. बॅटरी आत. हे हसत हसत फोटो काढत होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कल तरी असावी. मी खांबाकडे बघून म्हटलं की त्याच्या पोटात बॅटरी आहे, तिला उष्णता चालत नाही. खांबानं ऐकलं असेल. भासऱ्यांनी नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळी चार्जिंगचा प्रश्न निघाला. बैल चालणार दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी समोर बसून बॅटरी भरायची, चालवायची आणि उरलेली निम्म्यावर आणून ठेवायची. हे मी ह्यांना सांगितलं आणि ह्यांना ते पटलंही. पण भासरे म्हणाले, "पोयाच्या दिवशी बैल उपाशी ठेवाचा नसते." झालं. गोठ्यातल्या बैलांना पुरणपोळी, तर लाकडी बैलालाही पोटभर. ज्या माणसानं आयुष्यभर विभवांतर शिकवलं, तो भावाच्या एका वाक्यावर वायर घेऊन उठला. बॅटरी गादीवर ठेवून चार्जिंगला लावली आणि दोघे भाऊ बैल मिरवायला गेले. मी ती गादीवरून उचलून फरशीवर ठेवली आणि मिरवणूक संपेपर्यंत तिच्यासमोर बसले. सण माझा असा गेला. पूर्ण भरलेली ती बॅटरी मग संध्याकाळी परत कापसात गेली आणि रात्रभर तशीच राहिली. मी ती काढून ठेवायला सांगितली, तर फळीचे खिळे पुन्हा पुन्हा काढले की लाकूड सैल होतं, हे उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी पारापाशी गर्दी. पोरांचे बैल रांगेत, आणि मधे आमचा राजेशाही नमुना, शिंगांना बेगड, अंगावर झूल, पाठीवर गोंडे. हे रिमोट हातात धरून उभे, चेहऱ्यावर आपण पहिलं विमान उडवतोय असा भाव. बैल चालला, खोटं बोलणार नाही. पोरं मागे धावली. मग भासऱ्यांनी फर्मान काढलं की पारावर चढवा, मारुतीला नमस्कार करू दे. पाराला उतार होता, बैल चढला, नमस्कारही झाला. मागे फिरवताना ह्यांची डावी-उजवी चुकली. बैल पाराच्या काठावरून खाली दगडावर पोटावर आपटला. एक शिंग मोडलं. पालथा पडून त्याची चाकं गरगर फिरत होती आणि ह्यांना कळेना की आता कोणतं बटण दाबायचं.

बक्षीस तरी मिळालंच. परीक्षक भासऱ्यांच्या रोजच्या चहातले.

घरी आणला तेव्हा दिवस कलला होता. मी जवळ गेले. पोटाखालची फळी एका बाजूनं बाहेर ढकलली गेली होती, आणि एक गोडसर वास येत होता, नखं रंगवायच्या बाटलीसारखा. व्हिडिओतला माणूस या वासाबद्दलही ओरडून सांगायचा. मी ह्यांना म्हटलं, हा आत्ता अंगणाच्या टोकाला न्या, मातीत ठेवा, फळी काढू नका आणि कुणी जवळ जाऊ नका. हे वाकून वास घेऊ लागले. म्हणाले, तुपाचा वास आहे. मी म्हटलं, तूप असं वास मारतं का कधी. ह्यांनी भावाकडे बघितलं. भासरे म्हणाले की मिरवून आलेल्या बैलाचे पाय धुऊन, ओवाळून त्याला गोठ्यातच बांधतात, जिंकलेला बैल उकिरड्यावर ठेवत नाहीत. हे मला म्हणाले, सणासुदीला वाद नको. एरवी सणाच्या दिवशी त्या अंगणात बोलायची काय बिशाद होती माझी. पण त्या संध्याकाळी मी खांबाकडे बघून बोलले नाही. सरळ भासऱ्यांकडे बघून म्हटलं की हा पेटेल. ते हसले आणि भावाला म्हणाले, "तुही बायको कचेरीत का आग इझवाचं काम करते?"

आणि त्याला गोठ्यात नेलं. खरोखरच्या म्हाताऱ्या बैलाशेजारी, गव्हाणीला दोरी बांधून, तोंडापुढे मूठभर कुटार टाकून. बाई तेव्हा विहिरीवर होत्या. परत आल्यावर मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि त्या तशाच गोठ्याकडे निघाल्या, त्याला बाहेर काढायला. त्या दारात पोचल्या आणि आतून सूं असा आवाज आला, कुकरची शिट्टी अडकली की येतो तसा. पांढरा धूर बाहेर आला. मग जाळ.

लाकडाला तूप चोळलेलं, पोटात कापूस, खाली कुटार. याहून चांगली चूल मुद्दाम रचून कुणाला साधली नसती. तरणा बैल खुंटा उपटून बाहेर पळाला. म्हातारा तिथेच अडकला. त्याच्या गळ्यात पोळ्यासाठी आणलेलं नवं दावं होतं. बाईंनी अंबाडीचं आणायला सांगितलं होतं. भासऱ्यांनी निळं नायलॉनचं आणलं, चमकतं म्हणून. त्याची गाठ बैलाच्या ओढण्यानं आवळली होती. बाई आत शिरल्या.

या वेळी आमचे हे काय करत होते, ते सांगते. हे घरात धावले होते, रिमोट शोधायला. बंद करतो, बंद करतो असं ओरडत होते. बैल पेटला होता आणि हा माणूस त्याचं बटण शोधत होता. भासरे दारात उभे राहून बादली, बादली म्हणत होते. मी त्यांना विचारलं, विळा कुठे आहे. स्वतःच्या घरातला विळा कुठे असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. बांधकामाची उरलेली रेती अंगणात होती, ती मी घमेल्यानं आत फेकत राहिले, दुसरं मला काही सुचलं नाही. धुरातून बाईंचं खोकणं ऐकू येत होतं. मग शेजारचे लोक पाणी घेऊन धावले, आणि बैल बाहेर आला, कानाची टोकं भाजलेली, त्याच्यामागे बाई. उजवा हात त्यांनी छातीशी धरला होता. दाव्याची गाठ सुटली नव्हती. नायलॉन वितळायला लागलं होतं तेव्हा त्यांनी ते हातानं ओढून तोडलं होतं.

ह्यांच्या खऱ्या गाडीत घालून त्यांना सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी मागे त्यांच्या शेजारी बसले होते. वाटेतलं जाम गाव यायच्या आधीच भासऱ्यांनी पुढच्या सीटवरून तोंड न वळवता बायकोला सांगितलं, "इचारलं तं चुलीनं भाजलं म्हनजो."

कशी आहेस नाही, दुखतं का नाही. दोघं मोठे बाप्ये खेळण्याशी खेळत होते हे बाहेर कळू नये, एवढीच काळजी. मला वाटलं, आमचे हे तरी काही बोलतील. हे गाडी चालवत होते, आणि फार लक्ष देऊन चालवत होते. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याची किळस आली. दुसरा शब्द मी शोधला, सापडला नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बाईंना विचारलं आणि उत्तर भासऱ्यांनी दिलं, चुलीनं भाजलं म्हणून. तिनं बाईंचा तळवा उजेडात उलटा केला. कातडीत निळं नायलॉन रुतून बसलं होतं. चुलीत दोरी कुठून आली, तिनं विचारलं. मग तिनं आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

बाहेरच्या बाकावर भासऱ्यांना उशिरा उजेड पडला. लग्न झालेली बाई भाजून येते, नवरा म्हणतो चुलीनं, आणि डॉक्टर दार लावून तिला एकटीला विचारतात, तेव्हा त्यांना काय वाटलेलं असतं हे या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. आता त्यांना खरं हवं होतं. तिनं आत जाऊन बैलाचं सांगावं, तिचं बोलणं डॉक्टरला पटेल, असं ते भावाला म्हणाले. तिनं म्हणजे मी. मी समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा फलक वाचत बसले. तो मी दोनदा वाचला.

बाईंनी आत सगळं खरं सांगितलं होतं. खरं असूनही डॉक्टरणीचा त्यावर विश्वास बसेना. म्हणून तिनं आमच्या ह्यांना बोलावलं. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं. तुम्ही काय करता? भौतिकशास्त्र शिकवतो. हे खेळणं कोणाचं होतं? मग हे म्हणाले, माझं. त्याला खेळणं म्हणू नका, असं ह्यांनी त्या दिवशी कुणाला सुचवलं नाही.

इथपर्यंत मी फक्त मूर्खपणा सांगितला. मूर्खपणाचं एक वेळ हसू येतं. पुढचं वेगळं आहे.

बाई परत आल्या तोवर भासऱ्यांनी गावाला गोष्ट सांगून टाकली होती. लाकडी बैल जळून कोळसा झालेला, शेजारी धावले तेव्हा नुसता जाळ होता, कुणी काही पाहिलेलं नव्हतं. भासऱ्यांनी सांगितलं की पुरणाच्या चुलीतली गरम राख घरातल्या बाईनं गोठ्याजवळ टाकली, तिची ठिणगी कुटारात गेली. जिंकलेल्या बैलाची इज्जत राहिली, ह्यांच्या नोकरीची राहिली, भासऱ्यांची राहिली. बायका बघायला यायच्या, बिस्किटांचा पुडा बाईंच्या उशाशी ठेवायच्या आणि म्हणायच्या, इतक्या वर्षांची रांधणारी तू, राख अशी कशी टाकली? मी एकदा तिथे होते, मी खरं सांगितलं. त्या हसल्या. खेळण्यानं का कुठं आग लागते, म्हणाल्या, जावेची बाजू घ्यावी पण इतकी नाही. बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. राखेवर पाणी मारल्याशिवाय जी बाई कधी उठली नाही, तिला गावभर हलगर्जी ठरवलं, आणि ठरवणारा तिच्याच हातचं जेवत होता. आता डाव्या हातचं, कारण उजव्या तळव्याची कातडी आखडली आणि मूठ पूर्ण मिटेना. बाई परसातल्या म्हशीचं दूध डाव्या हातानं काढायला शिकल्या. हाताचं त्या काही बोलल्या नाहीत. राखेचं मात्र एकदा माझ्याजवळ बोलल्या. मले राख टाकता येत नाई म्हनते गाव, एवढंच.

दिवाळीनंतर ह्यांच्या महाविद्यालयात सुरक्षिततेवर काही कार्यक्रम ठरला आणि ह्यांनी आपण होऊन विषय घेतला: लिथियम बॅटऱ्यांची हाताळणी आणि साठवण. मी विचारलं, कोण बोलणार? हे म्हणाले, मीच, स्वानुभव आहे. घरात तयारी सुरू झाली. आरशासमोर उभे राहून हे म्हणायचे, पूर्ण भरून ठेवू नये, निम्म्यावर ठेवावी, रेतीत ठेवावी, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर, आपटलेल्या बॅटरीवर विश्वास ठेवू नये, वास आला तर माणसं दूर करावीत. माझीच वाक्यं, माझ्याच घरात, मलाच ऐकवत होते. माठाचा फोटोही काढून घेतला, रेतीसकट. पोपटसुद्धा कुणाकडून शिकला ते लपवत नाही.

मग ह्यांना वाटलं की परिणाम दाखवला की माणसाच्या मनावर ठसतं. म्हणून एका रविवारी वडनेरला गेलो. भासरे अंगणात खाटेवर बसले होते, त्यांना बेत ठाऊक होता आणि पसंतही होता. बाई गोठ्याच्या दारात म्हाताऱ्या बैलाचा कान तेलानं पुसत होत्या. ह्यांनी मोबाइल काढला आणि मोठ्या मायेनं म्हणाले की वहिनी, हात जरा उजेडात धरा, चेहरा येऊ देणार नाही, पोरांच्या भल्यासाठी आहे.

बाईंनी हात पदराला पुसला. ह्यांच्याकडे बघितलं, मग खाटेवर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"गावात तं चुलीनं लागली ना आग, भाऊजी? मंग चुलीचा काढा फोटू," त्या म्हणाल्या. "हाताचा पाह्यजे असन, तं तुमी दोघं आधी पारावर जाऊन सांगून या. मी इथंच हावो."

त्या खरंच तिथेच उभ्या राहिल्या, तळवा समोर धरून. ह्यांनी भावाकडे बघितलं. भासरे चपलेचा अंगठा चाचपत होते. पार तिथून दिसतो, चार पावलांवर आहे, आणि रविवार असल्यानं तिथे माणसंही बसलेली होती. दोघांपैकी कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं हे मला म्हणाले, निघूया, रस्त्यात ट्रकची गर्दी होईल.

व्याख्यान झालं. टाळ्या चांगल्या पडल्या, असं ह्यांनी घरी येऊन सांगितलं. हाताचा फोटो त्यात नव्हता.